चौकशीला आलेला पाहुणा

पाहुणा हा इतका चांगला शब्द आमच्या कॉलनीत चोरासाठी वापरायला लागले, ते पोलिस जमादाराच्या सल्ल्यानं. त्या वेळी मी हसले होते आणि वरून चहाही केला होता.

परभणीत गंगाखेड रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी. शिक्षक, कारकून, एसटीतले लोक, एक-दोन वकील असा सगळा नोकरदारांचा कारभार. सकाळी घराला कुलूप लागतं ते संध्याकाळीच उघडतं. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या नगरात बंद घरं फुटली. कपाटं उचकटली, कुणाचं गंठण गेलं, कुणाच्या देवघरातल्या चांदीच्या मूर्तीसुद्धा गेल्या. लगेच पोलिस ठाण्यातून सगळ्या कॉलन्यांना बोलावणं आलं. ठाणेदार साहेबांनी हात जोडून सांगितलं, की वस्ती वाढली, आमची माणसं तेवढीच आहेत, तुम्ही आपलं आपलं दल करा, आम्ही पाठीशी आहोत. झालं. आमच्या कॉलनीचं दल उभं राहिलं. टोप्या आल्या, शिट्ट्या आल्या, पॉलिश केलेल्या काठ्या आल्या. आणि दलाचे प्रमुख कोण, तर आमचे हे.

हे पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाचं घरात काय होतं ते कुणी निवृत्त माणसाच्या बायकोलाच विचारावं. सकाळी पेपर, मग तोच पेपर उलटीकडून, मग माझ्या फोडणीत मोहरी जास्त झाली का कमी यावर भाषण. त्यामुळं दलाचं प्रमुखपद आलं तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ह्यांनी शिट्टी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. रोज ती रुमालानं पुसायचे. मी म्हणायचे, "अहो, हळदकुंकू पण वाहा तिला." ते चिडायचे, पण आतून खूश असायचे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्यांची गत होती.

आमच्या भागाचे बीट जमादार नेहमी घरी यायचे. पोट सुटलेला, घामेजलेला, मनानं चांगला माणूस. साखरेचा आजार, म्हणून चहा बिनसाखरेचा आणि त्याच्यासोबत लाडू मात्र दोन. ह्यांना ते "प्रमुखसाहेब" म्हणायचे आणि हे "जमादार साहेब" म्हणायचे. दोघं एकमेकांना साहेब म्हणत बसले की मला स्वयंपाकघरात हसू आवरायचं नाही. त्यांनीच एक दिवस मोबाइलवरचा दलाचा ग्रुप पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"प्रमुखसाहेब, चोर, चोर काय लिवायलेत हे? एकानं चोर लिवलं की धा जण काठ्या घेऊन भाईर येतेत. अफवा उठली की आमची मान अडकती. दुसरं कायतरी लिवा."

"काय लिवावं मग?"

"पाहुणा लिवा की. पाहुणा आला, तिसऱ्या गल्लीत. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

मी म्हटलं, "जमादार, शब्द तरी दुसरा शोधा. घरी खरोखरचा पाहुणा आला तर काय करायचं?"

"बाई, खरा पाहुणा काय गल्लीगल्लीनं हिंडतो व्हय?" असं म्हणून ते दुसऱ्या लाडवाकडं वळले. आम्ही तिघंही हसलो.

तेव्हापासून ग्रुपवर पाहुणे यायला लागले. भंगारवाला पाहुणा. चादरी विकणारा पाहुणा. सुया, फण्या, काळे मणी घेऊन येणाऱ्या बायका, ज्यांच्याकडून मी लग्नापासून घेत आले, त्याही पाहुण्या. नंदीबैलवाल्याला तर वेशीवरूनच परत लावला. सुरुवातीला दलाची पद्धत साधी होती. कुणी अनोळखी दिसला, की नाव-गाव विचारायचं आणि जमादारांना फोन लावायचा. पण जमादार एक आणि कॉलन्या पुष्कळ. फोन केला की ते म्हणायचे, "मी जरा लांब हाय, तुमीच बसवून ठेवा तवर." मग बसवून ठेवायला लागले. बसवून ठेवलेला माणूस उठायला लागला की धरून ठेवायला लागले. नंतर पिशवी बघायला लागले, खिसे बघायला लागले. ह्यात कुठं काय चुकलं ते नेमकं दाखवता यायचं नाही, कारण प्रत्येक वेळी पाऊल थोडंसंच पुढं पडलं होतं. दलाला वाटायचं, पोलिसांनीच सांगितलंय. पोलिसांना वाटायचं, दलानं धरलाय म्हणजे पाहून-सवरूनच धरला असेल. आणि चोऱ्या खरंच थांबल्या होत्या, त्यामुळं माझ्यासारखीनं काही बोललं तर बायका म्हणायच्या, "बाई, तुमचं गंठण गेलं असतं म्हंजे कळलं असतं."

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

मुलगी शिकलेली, एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला. स्थळं येत होती, जात होती. कधी आम्हाला नको, कधी त्यांना नको, आणि बहुतेक वेळा तिलाच नको. कुणाचा मुलगा फार बोलतो, कुणाचा बोलतच नाही. मी कंटाळले होते. अशात गंगाखेडच्या पलीकडल्या एका गावचं स्थळ आलं. मुलगा गंगाखेडात ज्युनिअर कॉलेजवर शिकवायचा. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेला. एका लग्नात दोघांची ओळख झाली, पुढं फोनवर बोलणं झालं, आणि एक दिवस पोरगी भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, ह्या वेळी मोडू देऊ नका." तिनं आयुष्यात कुठल्या स्थळासाठी असं म्हटलं नव्हतं. माझा हात परातीतच थांबला. मला तिची काळजी वाटली आणि आनंदही झाला. पुढच्या रविवारी ते लोक बघायला येणार असं ठरलं.

आमच्याकडं एक रीत आहे. आता शहरात ती कमी झाली, पण मोडलेली नाही. मुलगी बघायला यायच्या आधी मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस, चुलता नाहीतर मामा, गुपचूप येऊन चौकशी करून जातं. घर कसंय, माणसं कशी आहेत, बाप पितो का, आई तोंडाची कशी आहे. ही चौकशी करणाऱ्यानं दोन गोष्टी पाळायच्या असतात. एक म्हणजे एकाच घराचं विचारायचं नाही. आजूबाजूच्या चार घरांचं विचारायचं आणि त्यात आपल्याला हवं ते घर मिसळून द्यायचं. आणि दुसरं, आपण कशासाठी आलो, कुणाच्या पोरीसाठी आलो, हे चारचौघांत मरेपर्यंत सांगायचं नाही. कारण उद्या सोयरीक जुळली नाही तर लोक म्हणणार, अमक्याच्या पोरीची चौकशी करून गेले अन् परत आले नाहीत, काहीतरी असेल. त्यात नाव पोरीचं जातं.

माझ्या वेळी माझे सासरे असेच आले होते. पेडगावहून चारठाण्याला. माझं माहेर चारठाण्याचं. तिथं जुनी देवळं आहेत, म्हणून सासऱ्यांनी बहाणा केला, की देवळं बघायला आलोय. धोतर, पटका, हातात पिशवी, आणि देवळाकडं पाठ करून शिंप्याला विचारतायत, ह्या आळीत कोण कोण राहतं. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं, हा माणूस सोयरीक घेऊन आलाय. कुणी त्यांना तोंडावर तसं म्हणालं नाही. शिंप्यानं चहा पाजला, गुरवानं जेवायला वाढलं, आणि माझ्या आईनं लांबूनच बघून मला वेणी घालायला बसवलं. सासरे असेपर्यंत ही गोष्ट सणावाराला निघायची आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते आमचे हेच. वडिलांची नक्कल करायचे, "देवळं लय झ्याक हायत बरं का तुमची," अशी.

आमच्या मुलीची चौकशी होणार हे आम्ही धरूनच होतो. पण मुलाचे मामा परभणीतच राहतात, ते आमच्या ओळखीतल्यांना विचारून घेतील, असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी घेतलंही असेल. पण मुलाचा चुलता जुन्या वळणाचा माणूस. त्याला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मार्च महिना, सकाळची शाळा होती. शाळा सुटल्यावर मी स्कूटीवरून घरी येत होते, तर कॉलनीच्या तोंडाशीच शिट्ट्या ऐकू आल्या. मारुतीच्या देवळापुढं गर्दी. गाडी लावून मी आत शिरले. लिंबाखालच्या ओट्यावर एक म्हातारा माणूस बसवला होता. त्याचे हात त्याच्याच उपरण्यानं मागं बांधलेले. धोतर धुळीनं भरलेलं. एक गाल लाल झालेला. आणि डोकं उघडं. त्याचा पांढरा पटका सोडून, लांबच्या लांब, खाली फरशीवर पडलेला.

पटका कुणी सोडला ते मला विचारावं लागलं नाही, कारण त्याचं एक टोक अजून ह्यांच्या हातात होतं. पटक्यात काही हत्यार लपवलंय का ते हे बघत होते.

गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला मला सांगायला लागला, "बाई, ह्यो सकाळपासून फिरायलाय. माझ्याकडं आला, म्हणला, तिसऱ्या गल्लीत कोण कोण ऱ्हातंय? कोण कुठं नोकरीला? घरी कवा असतेत? पोरं किती, काय करतेत? चार घरांचं सगळं इचारून घेतलं. त्यात तुमचं पण घर हाय. म्या तवाच ग्रुपवर टाकलं, पाहुणा आलाय."

चार घरांचं विचारलं म्हणूनच तो चोर ठरला होता. एकाच घराचं विचारलं असतं, तर कदाचित कुणी त्याला बोट दाखवून पोहोचवलंही असतं.

हे त्याच्यापुढं उभे राहून विचारत होते, "कुणाच्या घरी आलास ते सांग. नाव सांग. नाव सांगितलं की सोडतो."

म्हातारा म्हणाला, "कुणाच्या न्हाई. असाच आल्तो."

"असाच कोण येतंय? गाव कोणतं?"

"गंगाखेडाकडलं."

"गावाला नाव न्हाई का?"

म्हाताऱ्यानं खाली पडलेल्या पटक्याकडं बघितलं. मागून कुणीतरी तरण्याताठ्यानं पुन्हा हात उचलला. मी मध्ये गेले. म्हटलं, "अहो, वयाकडं तरी बघा. हात सोडा, आधी पाणी द्या." हे म्हणाले, "तू मधी पडू नकोस. तुला काय कळायलंय ह्यातलं?" चारचौघांत ह्यांनी मला असं कधी तोडलं नव्हतं. तरी मी पर्समधली बाटली काढली आणि त्याच्या तोंडाला लावली. हात बांधलेलेच होते. तो घोट घोट प्याला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं, तर त्यानं मान वळवून ते खांद्याला पुसलं आणि मला म्हणाला, "बास, माय."

तेवढ्यात जमादारांची मोटारसायकल आली. मला हायसं वाटलं, हे मुद्दाम सांगते. मला वाटलं, आता वर्दी आली, आता नीट विचारपूस होईल. म्हाताऱ्यालाही तसंच वाटलं असावं. जमादारांना बघून तो पहिल्यांदा हलला. म्हणाला, "साहेब, जरा बाजूला चला. तुमाला सांगतो सगळं. हितं न्हाई."

एवढंच करायचं होतं. दहा पावलं लांब, देवळाच्या मागं. जमादारांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि एकदा आमच्याकडं. सगळ्या दलाच्या टोप्या, हातात काठ्या, दोघाचौघांचे मोबाइल वर धरलेले. बाजूला नेलं तर लोक म्हणणार, जमादारानं मिटवून घेतलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते छाती काढून म्हणाले, "जे सांगायचं ते हितंच सांग. ही सगळी आपलीच माणसं हायत."

म्हातारा म्हणाला, "मग न्हाई सांगत."

जमादारांनी त्याला एक लगावली. फार जोरात नव्हती. पण ती दलाला दाखवायला मारली होती आणि तेच मला जास्त लागलं. मग त्याला मोटारसायकलवर मध्ये घालून, मागं दलाचा एक माणूस बसवून, ठाण्यात नेलं. जाताना तो ह्यांना म्हणाला, "तेवढा पटका द्या माझा." ह्यांनी गोळा करून त्याच्या मांडीवर टाकला.

घरी येऊन मी ताटं वाढली. मुलगीही जेवायला आली होती. हे खुशीत होते. एका भाकरीवर दुसरी मागून घेतली आणि मुलीला सगळं रंगवून सांगायला लागले. कसा तो घरं विचारत होता, कसा गप्प बसला, कसा मुरलेला गडी आहे. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही आता वर्दीच शिवून घ्या." तेवढ्यात फोन वाजला. ह्यांचा उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हातानं आवाज मोठा करून फोन ताटाशेजारी ठेवला.

जमादारांचा आवाज बारीक आला होता. "प्रमुखसाहेब, घोळ झालाय. ह्यो पाहुणा खराच पाहुणा निघाला हो. तुमच्याच घरचा."

मग त्यांनी ठाण्यात एकांतात म्हाताऱ्याकडून कळलेलं त्याचं गाव सांगितलं, पुतण्याचं सांगितलं. हे सगळं आम्ही तिघांनी ऐकलं. मुलगी उठली आणि तिचं अर्धं ताट तसंच घेऊन मोरीत गेली. ह्यांचा हात ताटातच वाळला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. इथं तर चोर नव्हताच.

हे धावत ठाण्यात गेले, तोवर पाहुणे निघून गेले होते. एसटी स्टँडवर पाहिलं, रेल्वे स्टेशनवर पाहिलं. जमादार म्हणाले, "म्या त्यांना चहा पाजला. पटका बांधायला आरसा दिला. तक्रार करायची का इचारलं तर म्हणले, न्हाई, त्यात लेकराचं नाव येतंय." मग हळूच पुढं म्हणाले, "प्रमुखसाहेब, तुमी पण हे वर जाऊ देऊ नका." पण अशा गोष्टी वर जातातच. ठाणेदार साहेबांनी ह्यांना बोलावून नीट बसवून सांगितलं, की कायदा हातात घ्या असं आम्ही तुम्हाला कधी म्हणालो होतो का? ह्यांनी मान खाली घालून नाही म्हटलं. ते खरंच कधी तसं म्हणाले नव्हते. हे बाहेर आले तेव्हा जमादार वऱ्हांड्यात उभे होते. दोघांनीही एकमेकांना साहेब म्हटलं नाही.

ह्यांनी गंगाखेडला जायचं ठरवलं. बाजारातून नवा पटका घेतला, चांगल्यातला. नारळ घेतला. मी सोबत गेले. एसटीत ह्यांनी खिडकीची जागा धरली. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंनी ऊस होता आणि ते उसाकडंच बघत राहिले. मला त्यांचा राग होता, फार राग होता, आणि तरी त्यांच्या मांडीवरची ती पटक्याची पिशवी घसरायला लागली की मीच सावरत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाचा राग येतो आणि कीवही येते, दोन्ही एकाच वेळी.

त्या घरी आमचं काही वाईट झालं नाही. अंगणात बाज टाकली, वर सतरंजी टाकली. पाय धुवायला पाणी दिलं. चहा आला. मुलगा घरी नव्हता. चुलते समोर येऊन बसले. डोक्यावर पटका व्यवस्थित बांधलेला. मला ओळखून म्हणाले, "पाणी तुमीच पाजलं ना त्या दिशी?" मी मान हलवली.

हे उठले आणि त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी खांद्याला धरून वर उठवलं. "पाहुणे, बसा. तुमाला तरी काय म्हाईत हुतं?"

हे म्हणाले, "माझा बाप असाच गेला होता हिच्या गावाला, चौकशीला. मला कळायला पाहिजे होतं." इतकंच बोलले आणि ह्यांना रडू फुटलं. नवरा रडताना मी त्यांच्या आईच्या वेळी एकदा पाहिला होता, त्यानंतर तिथं.

चुलत्यांनी ह्यांना धरून बाजेवर बसवलं. मग म्हणाले, "लेकरू चांगलं हाय तुमचं. गिरणीवाला चांगलंच बोलला, कोपऱ्यावरच्या किराणावालीनं पण चांगलंच सांगितलं. पोरीला कुणी नाव ठेवलं न्हाई." त्यांनी कपबशी बाजूला सरकवली. "म्या चौकशीला आल्तो. चौकशी झाली माझी."

ह्यांनी पिशवीतला पटका काढून पुढं धरला. चुलत्यांनी तो हातात घेतला, कापड बोटांत धरून बघितलं, चांगलंय म्हणाले, आणि घडी न मोडता ह्यांच्या मांडीवर परत ठेवला. "आहेर सोयऱ्याचा घ्यायचा असतो." नारळ तेवढा ठेवून घेतला. निघताना घरातल्या बाईनं मला हळदकुंकू लावलं. त्या घरातलं कुणी एक वाकडा शब्द बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मुलाचा मुलीला फोन आला होता, हे तिनं पुढं कधीतरी सांगितलं. तो म्हणाला होता, काका मला नाही म्हणत नाहीत, पण ज्यांनी मला वाढवलं त्यांना त्या मांडवात कुठल्या तोंडानं उभं करू? ती म्हणाली, नका करू.

दल अजून आहे. हे प्रमुख नाहीत आता, दुसरे झालेत. जमादारांची बदली झाली, जाताना भेटायला आले नाहीत. चोऱ्या होत नाहीत असं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. मुलीचं लग्नही पुढं झालं. जावई चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण जे व्हायचं होतं आणि झालं नाही, त्याची हळहळ जात नाही. लोक म्हणतात, गाठी वरून बांधलेल्या असतात. असतील. ही गाठ मात्र आमच्या देवळापुढं माझ्या डोळ्यांदेखत सोडली गेली.

गंगाखेडाहून आम्ही परतलो ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. मुलगी दारातच मेथी निवडत बसली होती. हे मागं चप्पल काढत होते. तिनं वर न बघता विचारलं, "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. नारळाचं, आहेराचं, हळदकुंकवाचं.

"आई, त्यांनी शेवटपर्यंत माझं नाव घेतलं नाही?"

"नाही. मार खाल्ला, पण चारचौघांत तुझं नाव येऊ दिलं नाही."

तिनं एक काडी निवडली, पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा तर नावच विचारत होते ना त्यांना, सारखं?"

ह्यांचा एक पाय अजून चपलेतच होता.

"मला त्याच घरी द्यायला पाहिजे होतं गं," ती म्हणाली, आणि तिनं मेथीची पुढची जुडी सोडली.